प्रांतानें नवा कर बसवावा काय?

ज्या सरकारास वरच्या सत्तेनें राज्यकारभाराचीं कांहीं खातीं सोंपवून दिलीं आहेत, त्या सरकारानें आपल्या लोकांवर नवे कर बसवावेत कीं नाहीं, या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करूं. विषय रुक्ष आहे, हें मी जाणून आहें. कराचें नांव निघालें कीं ऐकणाराचें मन दुसरीकडे धांवूं लागतें. परंतु ज्या कारभाराचा खर्च कोण देतो हें आपणांस ठाऊक नाहीं, तो कारभार कोणासाठीं चालतो हेंही आपणांस नीट कळत नाहीं. म्हणून घटकाभर लक्ष द्यावें, एवढी विनंति आहे.

प्रथम प्रश्नाचें स्वरूप पाहूं. एखाद्या एकत्र कुटुंबांत थोरल्या भावानें धाकट्यास सांगावें, "बाबा रे, उद्यांपासून मुलांची शाळा, आजाऱ्याचें औषध आणि दारापुढील रस्ता यांचें तूं पाहा;" आणि तिजोरीची किल्ली मात्र आपल्याच कनवटीला ठेवावी. अशा धाकट्या भावाची काय अवस्था होईल? मुलाची फी थकली तर बोल त्याला. आणि पैसे मागावयास जावें तर थोरल्याचें तोंड पाहावें. सोंपविलेल्या सत्तेचें दुखणें हेंच आहे. त्यावर उपाय दोनच. थोरल्यानें अधिक पैसे द्यावेत, किंवा धाकट्यानें स्वतः मिळवावेत. या दुसऱ्या उपायाचें राजकारणांतील नांव म्हणजे नवा कर.

१९९९ सालीं स्कॉटलंड व वेल्स येथें जीं स्वतंत्र प्रतिनिधिगृहें सुरू झालीं, त्यांच्यापुढें हा वाद आजही उभा आहे. पण तो समजून घेण्यासाठीं आपणांस समुद्रापलीकडे जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच मुंबई इलाख्यांत आणि शेजारच्या नागपूर प्रांतांत हा वाद इतक्या पूर्णपणें लढला गेला आहे कीं, त्यांतील बहुतेक सर्व युक्तिवाद तेथेंच सांपडतात. शिवाय त्या वादाचा एक अवशेष आजही प्रत्येक नोकरदाराच्या पगारपत्रकावर दर महिन्यास उमटत असतो. तो कोणता, हें पुढें सांगतों.

१९१९ च्या कायद्यानें प्रांतांना थोडी सत्ता मिळाली. ज्या नियमांनीं ती मिळाली त्यांस 'डेव्होल्युशन रूल्स', म्हणजे सत्ता खालीं सोंपविण्याचे नियम, असेंच नांव होतें. या नियमांनीं प्रांताच्या कारभाराचे दोन भाग पाडले. पोलीस, जमीनमहसूल वगैरे खातीं राखीव ठरून गव्हर्नर व त्यांचें कार्यकारी मंडळ यांच्याकडे राहिलीं. शिक्षण, आरोग्य, शेतकी, स्थानिक स्वराज्य आणि अबकारी हीं खातीं सोंपीव ठरून लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलीं. उत्पन्नाची वांटणीही याच वेळीं झाली. आयात जकात आणि प्राप्तीवरील कर हीं वाढतीं उत्पन्नें मध्यवर्ती सरकारनें आपणांकडे घेतलीं. त्यामुळें मध्यवर्ती सरकारास जी तूट येणार होती ती भरून काढण्यासाठीं, लॉर्ड मेस्टन यांच्या समितीच्या शिफारशीनुसार प्रांतांनींच वर्षाला एकंदर ९८३ लक्ष रुपये द्यावेत असें ठरलें. त्यांत मुंबईचा वांटा ५६ लक्षांचा होता. आंकडा लहान दिसतो. परंतु मुंबईची खरी तक्रार निराळी होती. येथील गिरण्या, पेढ्या व व्यापार यांतून निघणारा प्राप्तिकर दिल्लीस जात होता, आणि त्याच गिरण्यांतील कामगारांच्या मुलांसाठीं शाळा काढण्याचें काम मात्र प्रांताच्या शिरावर होतें.

मग मंत्र्यांच्या हातीं काय राहिलें? येथें या कथेंतील कडू भाग येतो. माझी सारी हयात शाळेंत गेली, म्हणून तो मला अधिक बोंचतो असें कोणी म्हणालें तर मी नाकारणार नाहीं. शिक्षण हें खर्चाचें खातें आणि अबकारी हें जमेचें खातें, हीं दोन्ही एकाच लोकनियुक्त पक्षाच्या पदरांत पडलीं. मुंबई इलाख्याच्या जमेपैकीं सुमारें चतुर्थांश जमा दारू व तत्सम मादक पदार्थांपासून येत असे. म्हणजे गिरणगांवांतील मजुरानें संध्याकाळीं गुत्त्यांत जे आणे टाकावेत, त्यांवर त्याच्याच मुलाच्या मास्तराचा पगार निघावा, अशी ही व्यवस्था होती. बाप जितका अधिक प्यावा तितका मुलगा अधिक शिकावा! १९३७ सालीं गांधीजींनीं 'हरिजन' पत्रांत नेमकें याच विसंगतीवर बोट ठेवलें. मुलांच्या शिक्षणासाठीं दारूच्या उत्पन्नाखेरीज दुसरा आधार उरूं नये, ही नव्या सुधारणांतील सर्वांत क्रूर थट्टा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

१९३५ च्या कायद्यानें राखीव व सोंपीव हा भेद प्रांतांतून गेला, आणि जुलै १९३७ मध्यें बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ मुंबईस अधिकारावर आलें. अण्णासाहेब लठ्ठे हे अर्थमंत्री होते. मंत्र्यांनीं आपलें वेतन मासिक ५०० रुपयांवर ठेवलें. हा आदर्श मोठा होता. परंतु त्यानें तिजोरी भरण्यासारखी नव्हती, कारण बड्या सनदी नोकरांचे पगार कायद्यानेंच सुरक्षित केलेले होते आणि त्यांस हात लावण्याचा अधिकार मंत्र्यांना नव्हता. दारूबंदीचें वचन तर लोकांना दिलेलें होतें. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत ती अंमलांत आणण्याचें ठरलें. जमेच्या चतुर्थांशास हात घालणारी ही गोष्ट होती. शाळा बंद करावयाच्या नाहींत, गुत्ते मात्र बंद करावयाचे, तर मधली खिंड कोणी भरून काढावी?

कर बसविण्याचा प्रांताचा अधिकार कायद्याला जोडलेल्या एका यादीनें ठरलेला होता. ही यादी मोठी मौजेची आहे. तींत जमिनी व इमारती यांवरील कर आहे आणि त्याच कलमांत चुली व खिडक्या यांवरील करही आहे. जुन्या इंग्लंडांत घराच्या चुली आणि खिडक्या मोजून कर घेत, त्याची ही आठवण! पुढें धंदे, व्यवसाय व नोकऱ्या यांवरील कर आहे, मालाच्या विक्रीवरील कर आहे, जाहिरातींवरील कर आहे. शेतीखेरीज इतर प्राप्तीवरील कर मात्र मध्यवर्ती सरकारचा. थोडक्यांत, धाकट्या भावास कोणत्या झाडाचीं फळें तोडावीं हें आंखून दिलें होतें. आणि सर्वांत भरलेलें झाड कुंपणापलीकडे होतें.

मुंबई सरकारनें या यादींतील पहिल्याच प्रकारचा कर निवडला. १९३९ सालीं मुंबई शहरासह कांहीं शहरी भागांतील स्थावर मालमत्तेवर, तिच्या वार्षिक भाड्याच्या मानानें शेंकडा १० पर्यंत कर बसविण्यांत आला. त्याबरोबर वादास तोंड फुटलें.

विरोधकांचें म्हणणें नीट ऐकून घेतलें पाहिजे, कारण तें सर्वच स्वार्थाचें नव्हतें. पहिला आक्षेप असा कीं, घरमालक नगरपालिकेला घरपट्टी देतो आणि घरभाड्याच्या प्राप्तीवर मध्यवर्ती सरकारास प्राप्तिकरही देतो; एकाच घरावर हा तिसरा कर कशासाठीं? दुसरा आक्षेप असा कीं, कर मालकावर म्हणून बसतो आणि भाडेकऱ्याच्या खिशांतून निघतो. चाळींतील एका खोलीचा कारकून शेवटीं तो भरणार. तिसरा आक्षेप नीतीचा होता. जो मनुष्य कधीं मद्यास शिवला नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या व्यसनमुक्तीचा खर्च कां सोसावा? आणि चवथा, शहाणपणाचा आक्षेप असा कीं, प्रांताच्या सीमेला लागूनच संस्थानें पसरलेलीं आहेत. एका ठिकाणीं कर वाढला तर भांडवलवाल्यास सीमा ओलांडण्यास किती वेळ लागणार?

करवाल्यांचें उत्तरही तोलामोलाचें होतें. भांडवल सीमा ओलांडील, पण इमारत ओलांडणार नाहीं. गिरगांवांतील चाळ उचलून कोणी बडोद्यास नेऊं शकत नाहीं! लहान सीमेच्या सरकारास स्थावरावरील कर योग्य असण्याचें कारण हेंच. दुसरें असें कीं, शहरांतील जागेची किंमत मालकाच्या घामानेंच वाढलेली नसते. बंदर, आगगाडी, रस्ते आणि लोकांची दाटी यांनीं ती वाढलेली असते. तिच्यांतील अंश सर्वांच्या कामासाठीं मागण्यांत अन्याय नाहीं. आणि व्यसनाचा प्रश्न काढलाच तर, आजवर निर्व्यसनी नागरिकाच्या शाळा आणि रस्ते हे व्यसनी मजुराच्या पैशावर चालत होते. त्या वेळीं हा नीतीचा प्रश्न कोणी विचारला होता?

भाडेकऱ्याच्या आक्षेपास मात्र असें चटकन् उत्तर नव्हतें. कर कोणावर बसविला हें कायदा ठरवितो. तो कोणावर पडला हें बाजार ठरवितो. नव्या कराच्या कोणत्याही चर्चेंत हें वाक्य मनाशीं धरून बसावें, अशी माझी सूचना आहे.

वाद पुढें न्यायालयांत गेला. हा कर इमारतींवरचा नसून वेषांतर केलेला प्राप्तिकरच आहे आणि म्हणून तो प्रांताच्या अधिकाराबाहेर आहे, असें घरमालकांच्या वतीनें मांडण्यांत आलें. मुंबईच्या उच्च न्यायालयानें तें मानलें नाहीं. भाडें हें मोजण्याचें माप आहे, कर मालमत्तेवरच आहे, असा निवाड्याचा रोख होता.

यापूर्वींच नागपूरकडे याहून मूलगामी प्रश्न उपस्थित झालेला होता. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळानें १९३८ सालीं पेट्रोल व वंगणाचें तेल यांच्या किरकोळ विक्रीवर शेंकडा ५ कर बसविला. पेट्रोलवर मध्यवर्ती सरकारचें उत्पादनशुल्क आधींपासून होतें. विक्रीवरचा कर हें त्याच शुल्काचें दुसरें नांव असून प्रांत आमच्या हद्दींत शिरला आहे, अशी मध्यवर्ती सरकारची बाजू होती. नव्यानेंच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढें आलेलें हें पहिलें प्रकरण. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शहा सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर हे तीन न्यायमूर्ती होते. डिसेंबर १९३८ मध्यें तिघांनींही प्रांताच्या बाजूनें मत दिलें. उत्पादनशुल्क माल तयार होण्याशीं संबंधित असतें, विक्रीकर माल विकला जाण्याशीं. दोन्ही कलमांना आपापला अर्थ राहील अशा रीतीनें तीं वाचावयाचीं, हें त्याचें सार. या एका निवाड्यानें विक्रीकराची वाट मोकळी झाली. पुढल्याच वर्षीं मद्रास प्रांतानें सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला, आणि त्यानंतर अनेक दशकें प्रांतांच्या व पुढें राज्यांच्या तिजोरीचा तो मुख्य खांब होऊन बसला.

पण थोरला भाऊ नेहमीं न्यायालयाचा निकाल मानून स्वस्थ बसतो असें नाहीं. संयुक्त प्रांताच्या मंत्रिमंडळानें १९३९ सालीं यादींतील नोकऱ्यांवरील कराचें कलम वापरण्याचें योजिलें. मोठ्या पगारदारांवर, पगाराच्या चढत्या मानानें कर बसवावयाचा. अशा पगारदारांत बडे सरकारी अधिकारीही आले. मग लंडनच्या पार्लमेंटनें १९४० सालीं मूळ कायद्यांतच नवें कलम घातलें: धंदा वा नोकरी यांवर कोणत्याही प्रांतानें एका मनुष्याकडून वर्षाला ५० रुपयांपेक्षां अधिक कर घेऊं नये. सोंपविलेली सत्ता किती खोल आहे, याची परीक्षा अशा वेळींच होते. जो देतो तो परतही घेऊं शकतो.

आतां पगारपत्रकावरील त्या अवशेषाकडे येतों. स्वतंत्र भारताची राज्यघटना १९५० सालीं अंमलांत आली तेव्हां ती मर्यादा नाहींशी झाली नाहीं. २७६ व्या अनुच्छेदांत ती २५० रुपये होऊन बसली. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनें ती २५०० रुपये झाली आणि आज तीन दशकांहून अधिक काळ तेथेंच आहे. महाराष्ट्रांत नोकरदाराच्या पगारांतून महिन्याला २०० आणि फेब्रुवारींत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापतात, त्यांची वार्षिक बेरीज करून पाहावी. बरोबर २५०० भरते. लक्षाधीशास आणि सामान्य कारकुनास एकच कमाल आंकडा! संयुक्त प्रांताच्या बड्या पगारदारांना वांचविण्यासाठीं काढलेली रेषा, थोडी पुढें सरकून, आजही राज्यांच्या हातापुढें आंखलेली आहे.

आणि तरीही याच आंखडलेल्या कराचा महाराष्ट्रानें जो उपयोग केला, तो नव्या कराच्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा आहे. १९७२ च्या दुष्काळानें खेडींच्या खेडीं कामाच्या शोधांत रस्त्यावर आलीं होतीं. मागेल त्याला काम देण्याची जी रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या प्रयत्नानें उभी राहिली, तिच्यासाठीं पैसा उभारण्याच्या स्पष्ट हेतूनें १९७५ सालीं व्यवसाय कराचा कायदा झाला. पुढें १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें, अशा करांतून जें येईल तितकीच रक्कम राज्यानेंही त्यांत घालावी, अशी व्यवस्था केली. मुंबई-पुण्याच्या पगारदारानें द्यावें आणि दुष्काळी भागांतील मजुरानें बांधबंदिस्ती करून तें मिळवावें, असा हा सरळ व्यवहार होता. २००५ सालीं केंद्रानें सबंध देशासाठीं रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हां त्याच्यासमोर महाराष्ट्राचाच कित्ता होता. थोरल्यानें धाकट्यापासून शिकावें असे प्रसंग क्वचित येतात. हा त्यांपैकीं एक. आपल्या हिंमतीवर पैसा उभारण्याचा अधिकार राज्यास नसता, तर हा प्रयोग कागदावरच राहिला असता.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३९ च्या अखेरीस खेर मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. त्यानंतर मुंबईंतील दारूबंदी ढिली पडली. परंतु तिच्या निमित्तानें आलेला स्थावर मालमत्तेवरचा कर तिच्याबरोबर गेला नाहीं. हेतु निघून जातो आणि कर राहतो, ही कराची जुनी प्रकृति आहे. म्हणून नव्या करास संमति देतांना तो कोणत्या कामासाठीं आहे हें विचारावें. आणि तें काम संपल्यावर कराचें काय होणार, हेंही त्याच वेळीं विचारावें.

१ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला आणि चित्र पालटलें. विक्रीकर, मुंबईच्या नाक्यांवरील जकात आणि असे अनेक कर त्यांत विलीन झाले. व्यापाऱ्याची खटपट कमी झाली आणि नाक्यावर तासन् तास उभे राहणारे मालट्रक पुढें सरकले, हा लाभ खराच. परंतु त्याबरोबर राज्याच्या हातांतील एक मोठी दोरी सामायिक झाली. आतां दर ठरतात ते परिषदेच्या शिफारशीनें. तेथें मतांचा एक तृतीयांश भार केंद्राचा आणि दोन तृतीयांश सर्व राज्यांचा मिळून आहे. निर्णयास तीन चतुर्थांश भार लागतो. सोपें गणित आहे: सर्व राज्यें एक झालीं तरी केंद्रावांचून निर्णय होत नाहीं, आणि बहुसंख्य राज्यांवांचून केंद्राचाही होत नाहीं. राज्यांना आलेली तूट भरून देण्याची हमी पांच वर्षांची होती. ती जून २०२२ मध्यें संपली. आतां राज्यांच्या स्वतःच्या हातीं मुख्यतः उरलें काय? मुद्रांक शुल्क, वाहनांवरील कर, विजेवरील शुल्क, पेट्रोल-डिझेल आणि दारू. शंभर वर्षांचा फेरा होऊन आपण पुन्हां गुत्त्याच्या दारापाशीं आलों आहों, हें चतुर श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल.

आजचीं राज्यें १९३७ च्या प्रांतांसारखीं कोणा परक्या पार्लमेंटच्या कृपेवर उभीं नाहींत. त्यांचा अधिकार राज्यघटनेंतून आलेला आहे. तरी प्रश्नाचा गाभा तोच आहे. जें सरकार दुसऱ्यानें दिलेला पैसा खर्च करतें, त्याला चांगल्या कामाचें श्रेय स्वतःकडे घेतां येतें आणि अपयशाचें खापर वर फोडतां येतें. जें सरकार तुमच्या-माझ्याकडून उघडपणें मागून घेतें, त्याला तुमच्या-माझ्यापुढें हिशेब ठेवावा लागतो. कर देणारा मनुष्य चौकस होतो. फुकट मिळणारा मनुष्य केवळ आभारी होतो. लोकशाहीस चौकस माणसांची अधिक गरज आहे.

तेव्हां प्रांतानें, राज्यानें नवा कर बसवावा काय? बसवावा, असें माझें उत्तर आहे. पण डोळे मिटून नव्हे. तो ज्याच्यावर बसविला असें सांगतात त्याच्यावरच पडतो ना, हें पाहावें. सीमा ओलांडून पळून जाणाऱ्या वस्तूवर तो नसावा. त्याचें काम त्याच्या कायद्यांतच लिहिलेलें असावें आणि त्याचा जमाखर्च दरवर्षीं लोकांपुढें यावा. आणि गरिबाच्या व्यसनावर मुलांची शाळा चालविण्याची वेळ ज्यानें टळेल, तो कर मालमत्तेवर असो वा मोठ्या प्राप्तीवर असो, त्याचें स्वागत करण्यास सुशिक्षित मध्यमवर्गानें मागें राहूं नये. कारण त्या शाळेंतून शिकून निघणारीं मुलेंच उद्यां या राज्याचा हिशेब तपासणार आहेत.